राष्ट्रीय उद्यानात हौशी शिकारीला परवानगी असावी का?

माझ्या मते नाही. भारतात तर विषयच मिटलाय: वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि परवाना काढून हौसेने शिकार करायची उरलीसुरली वाटही 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली.

'शिकारीच्या पैशावर जंगल जगतं' म्हणणारे आफ्रिकेकडे बोट दाखवतात. पण दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानातही हौशी शिकार चालत नाही. ती चालते शेजारच्या टिंबावतीसारख्या खासगी रानांत. मध्ये कुंपण नाही, त्यामुळे उद्यानातलं जनावर पलीकडे गेलं की मारता येतं! केनियाने तर 1977 मध्येच शिकार बंद केली.

अमेरिकेत ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात मात्र एल्क या मोठ्या हरणांची संख्या आवरायला 1950 च्या कायद्याने परवानाधारक शिकारी आत घेतात. तिथे निदान कारण तरी आहे.

आपलं खरं दुखणं वेगळं. रानडुकरं आणि रोही उभं पीक फस्त करतात. अशा प्राण्याला मारायची परवानगी द्यायची तरतूद कायद्यात आहेच. ती शेतकऱ्याला वेळेत मिळावी. ताडोब्यात हौशी बंदूकवाले सोडून कुणाचं सोयाबीन वाचणार?