प्लास्टर निघालं, पण कोपर सरळ होईना

“हात असाच वाकडा राहील का हो?” सात वर्षांच्या मुलाच्या आईचा पहिलाच प्रश्न. घसरगुंडीवरून पडून दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं होतं. लहान मुलांच्या कोपराजवळचं हे सर्वांत नेहमीचं फ्रॅक्चर. चार आठवड्यांनी प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड नीट जुळलेलं, आणि त्यालाही आता बारा दिवस झाले होते.

हात दाखवायला म्हणून वडिलांनी मनगट धरलं, तर मुलानं अंगच चोरलं. निम्मं उत्तर तिथंच मिळालं. घरी रोज संध्याकाळी कोपराला रगडून मालीश, मग हात दाबून सरळ करणं, शेवटी हातात अर्धी बादली पाणी. “दुखल्याशिवाय सुटणार कसा?” हे वडिलांचं म्हणणं.

कोपराच्या बाबतीत हे उलटं पडतं. सांध्याच्या अगदी पुढ्यात एक जाड स्नायू असतो. जोर लावला की तो आतून दुखावतो, रक्त साकळतं आणि कधीकधी चक्क स्नायूत हाड धरायला लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. तितकं झालं नाही तरी दुखण्याच्या धास्तीनं मूल दंड आवळून धरतं, आणि तो आवळलेला दंड कुणी कितीही ओढला तरी सुटत नाही.

गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीनं, मोजलं तेव्हा सरळ होण्यात 40 अंश कमी होते, वाकणं 100 अंशांपर्यंत. मालीश, दाबणं आणि बादली त्याच दिवशी बंद केली. हात हलवायचा तो मुलानंच, हा एकच नियम. टेबलावर हात टेकवून पंजाखाली रुमाल ठेवायचा आणि तो पुढे-मागे सरकवायचा: 10 वेळा, दिवसातून तीनचारदा. कोमट पाण्यात हात बुडवून खेळ. फुगा झेलणं, त्याच हातानं चमचा तोंडाशी नेणं, केस विंचरणं. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात निवायला हवं. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर प्रमाण निम्मं.

“वाकडा” या शब्दानं मात्र घोळ होतो. कोपर पूर्ण उघडत नाही ते आखडणं, आणि ते सुटतं. हाडच तिरकं जुळून हात कोपरापासून अंगाकडे वळलेला दिसत असेल, तर त्यावर व्यायामाचा उपयोग नाही, ते अस्थिरोगतज्ज्ञांनीच पाहायचं. या मुलाचं तसं नव्हतं.

रोज मोजायचं नाही, असंही आईला सांगितलं. आठवड्यातून एकदा, त्याच भिंतीपाशी, बाजूनं एक फोटो. हालचाल वाढण्याऐवजी कमी होत गेली, कोपर गरम लागलं, टणक गाठ हाताला लागली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर फोटोची वाट न पाहता डॉक्टरांकडे.

तीन आठवड्यांनी कमतरता 25 अंशांवर आली, वाकणं 120 वर गेलं. वडिलांना हा वेग मंद वाटला. शेवटचे अंश सगळ्यांत हळू येतात, कधी सहा महिने, कधी वर्षही जातं. मुलगा तोवर खुर्चीवरून उतरून त्याच हातानं दाराची कडी काढत होता.