वाचकांचे प्रश्न : ‘तपस’ थांबले, मग हाती काय उरले?

स्वदेशी टेहळणी ड्रोनविषयीच्या मागील अंकातील लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या दोन प्रश्नांना अधिक जागा दिली आहे, कारण बहुतेक पत्रांचा रोख त्यांच्याकडेच होता.

प्रश्न : महोदय, मी तोफखान्यातून निवृत्त झालेला सुभेदार आहे. ‘तपस’ या ड्रोनवर तेरा वर्षे आणि दीड हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि शेवटी प्रकल्प गुंडाळल्याचे वाचले. हे सरळ अपयश का मानू नये?

सुभेदारसाहेब, आपल्या प्रश्नातील नाराजी रास्त आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. ‘रुस्तम-२’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘तपस-बीएच-२०१’ असे नामकरण झालेल्या या विमानाला फेब्रुवारी २०११ मध्ये सुमारे १,५४० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि ऑगस्ट २०१६ पर्यंत काम पूर्ण करण्याची मुदत ठरली. प्रत्यक्षात पहिले उड्डाणच नोव्हेंबर २०१६ मध्ये, कर्नाटकातील चित्रदुर्गजवळच्या चाचणी तळावर झाले आणि खर्चाचा आकडा सुधारून सुमारे १,७८६ कोटींवर न्यावा लागला. सैन्यदलांना ३०,००० फूट उंची आणि सलग २४ तासांचे उड्डाण हवे होते. चाचण्यांमध्ये विमान साधारण २८,००० फूट आणि १८ तासांपर्यंत पोहोचले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते ‘मिशन मोड’, म्हणजे मुदतबद्ध प्राधान्याच्या, प्रकल्पांतून वगळल्याचे वृत्त आले. ठरलेल्या कसोटीवर ते उतरले नाही, हे मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा प्रामाणिक होणार नाही.

पण ते का उतरले नाही, हे समजून घेतले नाही तर पुढचे विमानही त्याच ठिकाणी अडखळेल. मुळाशी आहे ती वजनवाढ. आराखड्यात सुमारे १,८०० किलो धरलेले वजन प्रत्यक्षात २,८५० किलोंपर्यंत गेले. हा फरक कागदावर दीडपटीहून थोडा अधिक दिसतो, पण हवेत त्याची किंमत त्याहून बरीच मोठी असते. पंख तेच ठेवून वजन वाढवले, तर सरळ पातळीत उडत राहण्यासाठी लागणारी किमान शक्ती वजनाच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे या प्रमाणात वजन वाढल्यास ती जवळजवळ दुप्पट होते. त्यातच ३०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत ३७ टक्क्यांच्या आसपास उरते. विरळ हवेत तेच वजन तोलण्यासाठी विमानाला अधिक वेगाने जावे लागते आणि इंजिनाला मात्र श्वास घ्यायला हवा कमी मिळते. अधिक शक्ती म्हणजे अधिक इंधन, अधिक इंधन म्हणजे पुन्हा अधिक वजन. उंचीचे शेवटचे २,००० फूट आणि उड्डाणाचे शेवटचे सहा तास कुठे अडकले असावेत, ते या साखळीवरून कळते.

वजन वाढते कसे, हाही प्रश्न आपल्या मनात येईल. एखादा भाग चाचणीत कमकुवत ठरतो आणि जाड केला जातो, कॅमेऱ्याशेजारी रडार येते, रडारासाठी मोठा जनित्र लागतो, जनित्रासाठी जाड तारा लागतात आणि त्या उष्णतेसाठी थंड करण्याची सोय लागते. प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी योग्यच असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की दोषाचा मोठा वाटा गरजांची यादी आणि वजनाची मर्यादा एकत्र राखणारी यंत्रणा कमी पडण्यात आहे, आणि तो वाटा केवळ विमान बांधणाऱ्या प्रयोगशाळेच्या खात्यावर टाकता येणार नाही. मागणी करणारे आणि बांधणारे यांनी दर काही महिन्यांनी एका टेबलाशी बसून ‘हे हवे असेल तर ते सोडावे लागेल’ असे एकमेकांना सांगायला हवे असते.

आता हाती काय उरले, ते पाहू. १६ जून २०२३ रोजी ‘तपस’ने चित्रदुर्गहून उड्डाण केले. तेथून कारवारचा नौदल तळ २८५ किलोमीटर दूर आहे. २०,००० फुटांवरील साडेतीन तासांच्या त्या उड्डाणात सुमारे ४० मिनिटे विमानाचे नियंत्रण ‘आयएनएस सुभद्रा’ या जहाजावरून केले गेले. जमिनीवरच्या केंद्राकडून उडते विमान चालत्या जहाजाच्या ताब्यात द्यायचे आणि पुन्हा परत घ्यायचे, ही गोष्ट विकत घेतलेल्या यंत्राच्या पुस्तिकेतून शिकता येत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस या विमानाचे २०० वे उड्डाण तिन्ही सैन्यदलांच्या प्रतिनिधींसमोर झाले. दोनशे उड्डाणांच्या नोंदी आणि त्या नोंदी वाचू शकणारी माणसे ही खरी कमाई आहे. प्रकल्प बंद होताना ती माणसे विखुरली गेली तरच मी त्याला अपयश म्हणेन.

यापूर्वीचा अनुभवही आपण जवळून पाहिला असेल. ‘निशांत’ हे ड्रोन ट्रकवरील प्रक्षेपकावरून सोडले जाई आणि हवाई छत्रीने उतरत असे. लष्कराला मिळालेली चारही निशांत विमाने कालांतराने कोसळली आणि २०१५ मध्ये पुढची खरेदी थांबली. छत्रीवरचे अवलंबन टाळण्यासाठी चाके लावलेली ‘पंछी’ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये उडाली खरी, पण तोवर उशीर झाला होता. दुरुस्ती सुचते, परंतु ती मागणीकर्त्याचा धीर संपल्यानंतर हाती येते, हे आपल्याकडे दोनदा घडले आहे.

प्रश्न : माझा छोटा कारखाना असून मी विमानांसाठी यंत्रभाग बनवते. निविदांमध्ये ‘स्वदेशी घटक ५० टक्के’ अशी अट असते. इंजिन, कॅमेरा आणि चिप बाहेरून आणून उरलेले येथे जोडले, तर ते ड्रोन स्वदेशी म्हणायचे का?

ताई, अट आपण बरोबर वाचली आहे. संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२० मध्ये ज्या गटाला सर्वोच्च प्राधान्य आहे, त्यात भारतात आरेखन, भारतात विकास आणि किमान ५० टक्के स्वदेशी घटक अशी अपेक्षा आहे. मात्र टक्केवारी किमतीवरून काढली जाते आणि ड्रोनमध्ये किंमत आणि महत्त्व यांची सांगड नसते. उड्डाण नियंत्रकाचा छोटा बोर्ड संपूर्ण विमानाच्या किमतीचा अगदी लहान भाग असतो, पण विमान कोणाचे ऐकणार हे तोच ठरवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करासाठीच्या ४०० ड्रोनचे करार चिनी भागांच्या शंकेमुळे रद्द करण्यात आले, त्यामागे हीच चिंता होती.

म्हणून मी टक्क्यांऐवजी तीन प्रश्न विचारतो. नियंत्रणाच्या आज्ञावलीत बदल करायचा झाल्यास तो आपला अभियंता कोणाची परवानगी न घेता करू शकतो का? संदेशवहनाची कूटलिपी आपली आहे का? आणि पुरवठादाराने उद्या पाठ फिरवली, तर त्या भागाच्या जागी दुसरा बसवण्याइतके विमान आपल्याला आतून ठाऊक आहे का? या तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर एखादा बेअरिंग बाहेरचा असल्याने मला झोप लागत नाही असे होणार नाही.

या तिघांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुर्कस्तानने जगासमोर दिले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धाच्या वेळी कॅनडाने ‘बायराक्तार टीबी-२’ या तुर्की ड्रोनसाठी लागणाऱ्या वेस्कॅम कॅमेऱ्यांची निर्यात रोखली आणि त्याच महिन्यात त्याच्या रोटॅक्स इंजिनांचा पुरवठाही थांबवण्यात आला. विमान आतून ठाऊक असल्यामुळे तुर्की अभियंत्यांना देशी असेल्सानचा कॅमेरा त्यावर बसवता आला. केवळ जोडणी करणाऱ्या देशाला ते जमले नसते.

आपल्याकडे सर्वांत कच्चा दुवा इंजिनाचा आहे. त्यातही काम झालेले नाही असे नाही. बंगळूरूची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, ड्रोनचे आरेखन करणारी एडीई ही संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे व्हँकेल पद्धतीचे (फिरत्या दट्ट्याचे) इंजिन विकसित केले आणि २००९ मध्ये कोलारजवळ ‘निशांत’ने त्यावर उड्डाण केले. पुढे व्हीआरडीईने मोठ्या ड्रोनसाठी १८० अश्वशक्तीच्या इंजिनाचे कामही हाती घेतले. परंतु वर्षाला मोजकीच इंजिने लागणार असतील, तर त्यासाठी कोणता कारखाना ओतकामाचे साचे आणि चाचणीची उपकरणे उभी करील? येथे सरकारने खात्रीची मागणी द्यावी लागते. आपल्यासारख्या उद्योजिकांसाठी माझा सल्ला असा की जोडणीपेक्षा कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल, पंखांच्या झडपा हलवणारे सर्वो आणि इंधनाचे पंप यांसारख्या भागांकडे वळावे. हे भाग दिसायला लहान असले, तरी एकूण विमान त्यांच्यावर अडून राहते.

प्रश्न : सर, युक्रेनमध्ये स्वस्त, लहान ड्रोननी युद्धाचे चित्र पालटले. मग वीस मीटर पंखांच्या मोठ्या विमानांचा हट्ट कशाला?

जमिनीवरील आघाडीपुरते आपले म्हणणे पटते. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचे ‘स्विच’ हे उभे उडून आडवे जाणारे विमान लष्कराने २०२१ च्या करारातून घेतले, ते याच गरजेपोटी. डोंगरापलीकडे काय चालले आहे, हे पाहायला तुकडीच्या हाती असेच यंत्र हवे.

पण समुद्राचे गणित निराळे आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे शंभर मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असते, तर २०,००० फुटांवरून ते साधारण २८० किलोमीटरवर जाते. जमिनीवरील केंद्राशी थेट रेडिओ संपर्कही जवळपास याच मर्यादेत चालतो आणि त्यापुढे उपग्रहाची मदत लागते. विस्तीर्ण हिंदी महासागरात एखाद्या जहाजावर दिवसभर नजर ठेवायची, तर उंची आणि दीर्घ उड्डाण या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या लहान ड्रोनमध्ये मावत नाहीत. हीच गरज भागवण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ ‘एमक्यू-९बी’ विमाने सुमारे ३२,००० कोटी रुपयांना घेण्याचा करार झाला, त्यांतील १५ नौदलासाठी आहेत. मोठी, संथ विमाने प्रबळ हवाई संरक्षणासमोर तग धरत नाहीत, हे खरेच आहे. येमेनमध्ये हूतींनी याच कुळातील अनेक अमेरिकी ‘रीपर’ ड्रोन पाडली आहेत. म्हणून मोठे विमानही असे हवे की ते गमावणे परवडेल, आणि परवडायचे तर ते येथे बनायला हवे.

प्रश्न : चित्रदुर्ग परिसरात ‘तपस’ दोनदा शेतात कोसळले. चाचण्या गावांच्या इतक्या जवळ का घेतात?

सप्टेंबर २०१९ आणि ऑगस्ट २०२३ मधील त्या दोन्ही अपघातांत कोणाला इजा झाली नाही. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चल्लकेरेजवळचा हा चाचणी तळ विरळ वस्ती पाहूनच निवडलेला आहे. तरीही दीर्घ पल्ल्याच्या विमानाची चाचणी तळाच्या कुंपणात संपत नाही. संपर्क तुटल्यास विमानाने आपोआप परत फिरावे, अशी सोय अशा ड्रोनमध्ये असते, पण यंत्रच बिघडल्यावर तिचा उपयोग होत नाही. ज्यांच्या बागेत विमान पडते त्या शेतकऱ्याला लवकर भरपाई आणि स्पष्ट माहिती मिळाली पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते. चाचण्यांचा धोका तो आपल्या सर्वांच्या वतीने पत्करतो.

प्रश्न : सर, मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचे तर आत्तापासून काय शिकू?

मित्रा, तुझ्या वर्गातील बहुतेक जण आज्ञावलीकडे वळतील आणि ते योग्यच आहे. ‘गगन’ या आपल्या उपग्रहाधारित प्रणालीच्या साहाय्याने एका स्वदेशी विनाशेपूट ड्रोनने डिसेंबर २०२३ मध्ये जमिनीवरील रडारशिवाय आपोआप उतरून दाखवले, ते अशाच तरुणांच्या कामातून. पण इंजिन, उष्णता आणि पदार्थविज्ञान यांकडे येणारे हात आज कमी आहेत. इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर विरळ हवेत कसा वागतो, हे समजणारा तरुण अभियंता या क्षेत्राला फार मोलाचा वाटेल.

‘रुस्तम’ हे नाव ज्यांच्यावरून आले, त्या प्रा. रुस्तम दमानिया यांनी राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात एक हलके प्रायोगिक विमान साकारले होते. ‘रुस्तम-१’ त्याच आराखड्यावरून घडले. नोव्हेंबर २००९ मध्ये होसूरला त्याचे पहिले उड्डाण अपघातात संपले आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, ते यशस्वीपणे उडाले. मधल्या अकरा महिन्यांत त्या गटाने काय केले असेल, याचा विचार कर.

आणि एक लहानसे काम आजच सुरू कर. महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठी तुम्ही जे ड्रोन बांधत आहात, त्याची एक वजनवही ठेव. प्रत्येक तार, स्क्रू आणि गोंदाचा थर बसवण्याआधी वजनकाट्यावर ठेवायचा, तारीख घालून ग्रॅम लिहायचे आणि आठवड्याच्या शेवटी बेरीज मूळ आराखड्याशी ताडून पाहायची. बेरीज पाच टक्क्यांनी पुढे गेली, की नवा भाग बसवणे थांबवून आधी कोणता काढता येईल यावर सर्वांनी बसायचे. स्पर्धा संपल्यावर ती वही मला पाठव, मी ती काळजीपूर्वक वाचीन.