आईची गोळी ४० ची ८० झाली तेव्हा

मार्चमध्ये बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन इकडे कॅनडात सरीला येताय, पुढे आईला सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आणायचंय, तर मेडिकल इन्शुरन्स कुठला घ्यावा, असं विचारलंत. कंपनी मी सुचवणार नाही. किमान एक लाख डॉलरचं कव्हर, एक वर्षाची मुदत, हे सगळं सरकारी साइटवर आहेच. त्यात काय बसत नाही तेवढं सांगतो.

आधी तुमचं. ब्रिटिश कोलंबिया या आपल्या प्रांताचं एमएसपी, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, उतरल्या दिवशी सुरू होत नाही. उतरलात तो उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने तुमचे तुम्ही. ३ मार्चला आलात तर १ जून, २६ फेब्रुवारीला आलात तर १ मे. तिकीट काढताना हे बघा. मधल्या काळासाठी जी खासगी पॉलिसी घ्याल ती अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असते. नेहमीच्या गोळ्या, रूटीन तपासण्या, दातांची कामं तिच्यात सहसा नसतात. रूट कॅनाल वगैरे पुण्यातच उरकून या.

आता आईचं. पॉलिसीत ‘स्टेबल’ असा शब्द असतो. बीपी, शुगर आधीपासून असली तरी चालते, पण ठरावीक दिवस ती स्टेबल हवी. आमच्या पॉलिसीत १८० दिवस होते. मला वाटायचं, रीडिंग नॉर्मल म्हणजे स्टेबल. तसं नसतं. त्या काळात नवी गोळी नको, जुनीचा डोस बदललेला नको. कमी केला असला तरी तो बदलच धरतात.

आई निघायच्या तीन आठवडे आधी मीच फोनवर तिच्या मागे लागलो होतो, एकदा डॉक्टरांना दाखवून ये म्हणून. मिरजेच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, ४० ची ८० केली. तिनं त्याच दिवशी मला सांगितलं. अर्ज मी भरला, रात्री साडेअकराला. ‘औषधात किंवा डोसमध्ये बदल?’ यावर ‘नाही’ केलं. गोळी तर तीच आहे, असं वाटलं. ‘हो’ म्हटलं तर हप्ता वाढेल, असंही वाटलं. हे दुसरं मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पाचव्या आठवड्यात पहाटे आईच्या छातीत दुखायला लागलं. तीन रात्री हॉस्पिटल, बिल १९,००० डॉलरच्या वर. कंपनीनं मिरजेची प्रिस्क्रिप्शनं मागवली. स्कॅन पुसट आला म्हणून परत, डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणून परत, मग लेटरहेडवर टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र. माझा भाऊ त्यासाठी तीनदा रजा टाकून दवाखान्यात जाऊन बसला. चार महिन्यांनी दोन ओळींचा नकार आला. मी भांडू शकलो नाही, कारण ‘नाही’ माझंच होतं.

डिस्चार्जच्या दिवशी आईनं विचारलं, “रुपयांत किती रे?” मी निम्मा आकडा सांगितला. संध्याकाळी ती नातवाचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली दिसली. सहा महिने राहायला आली होती, त्यानंतर महिन्याभरात परत गेली.

मुलीच्या शाळेचंही विचारलंत. इयत्ता जन्मवर्षावरून ठरते. फॉर्मवर ‘घरची भाषा’ म्हणून मराठी लिहिलंत की इंग्रजीची चाचणी घेतात. आमच्या मुलाला ईएलएलमध्ये, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या जादा शिकवणीत, घातलं, आणि मी घाबरून घरात मराठी बंद केली. तो वर्षभरात त्यातून बाहेर आला. आजीशी मात्र आता ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलतो. तुम्ही मराठीच लिहा, घरात मराठीच बोला. इंग्रजी शाळेत येतंच.

एकटेपणाचं म्हणाल तर सवय होते.

आईला डॉक्टरांकडे नेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. सहा-सात महिने आधी न्या. डोस बदललाच तर अर्जात स्वच्छ लिहा, नाहीतर तिकीट पुढे ढकला. अर्ज भरताना आईला फोनवर घ्या, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो समोर ठेवा, आणि तिला एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवा.

माझी आई हल्ली बीपी किती विचारलं की “छान आहे” म्हणते. आकडा सांगत नाही.