मुलगी साडेचार वर्षांची आहे, शाळेत काहीच लिहून घेत नाहीत. घरी रोज किती वेळ अक्षरं गिरवायला बसवावं?

बसवूच नका. "शाळेत काहीच लिहून घेत नाहीत" हे वाक्य बालवर्ग शिकवताना मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वर्गात गिरवायच्या वह्या नव्हत्या. दाराशी नावांच्या पट्ट्या असायच्या. आल्यावर आपली पट्टी शोधून 'आले'च्या खणात लावायची, हीच हजेरी. दोन मुलींची नावं 'मी'नं सुरू व्हायची आणि दोघी एकाच पट्टीवर हक्क सांगायच्या. मी निवाडा केला नाही, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरायला सांगितल्या. शेवटी एकीच्या ध्यानात आलं, की हिचं शेवटचं अक्षर 'ना' आणि तिचं 'रा'. मग 'ना' कुठेही दिसला की ती "हे माझं!" म्हणून ओरडायची. पानभर गिरवून हे होत नाही. अक्षराशी काम पडलं की ते लक्षात राहतं.

फळ्यावर वार लिहायचा मानही रोज एकाला मिळायचा. एका मुलीनं 'शनीवार' लिहिलं. नेमक्या त्या दिवशी तपासणीला आलेल्या बाईंनी सगळ्यांसमोर त्यावर फुली मारली आणि मला म्हणाल्या, "चुकीचं लिहायची सवय लावताय मुलांना." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कान सांगतो आधी न, मग इ. पहिली वेलांटी मात्र उच्चारात नंतर येऊन लिहिताना अक्षराच्या आधी बसते. दुसरी वेलांटी कान सांगतो तिथेच, अक्षरानंतर येते. आणि बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण मोठी माणसं तरी कितीसा पाळतो? त्या मुलीनं अख्खा शब्द स्वतःच्या कानानं सोडवून फळ्यावर मांडला होता. त्या वयात याहून मोठं काम नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती खडू हातात घेईना.

मेरी क्ले या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी न्यूझीलंडमध्ये शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांचं वाचन जवळून पाहून १९६६ साली प्रबंध लिहिला. मूल पुस्तक कसं धरतं, कुठून वाचायला लागतं, हासुद्धा त्यांनी वाचनाचाच भाग मानला. ही समज इतकी जुनी आहे, तरी आपण पानं मोजतो!

घरी काय करायचं? रोज ठरलेल्या वेळी वाचून दाखवा. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर तेच वाचा. मध्येच थांबून "आता हा काय करेल?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असे मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं. दुसऱ्या गटातल्या पालकांना हे शिकवलं नव्हतं. त्यांची मुलंही जवळपास तितकंच वाचन ऐकत होती, तरी महिन्याभरात पहिल्या गटाचं बोलणं पुढे गेलं. म्हणजे नुसतं वाचून टाकणं पुरत नाही. सामानाची यादी तिच्यासमोर, बोलत बोलत लिहा. आणलेल्या वस्तूवर तिला खूण करू द्या. चालताना शेवटच्या अक्षरावरून भेंड्या लावा.

हो, एवढ्यानं वाचता येईल असं मी म्हणत नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी पुढे नीट, क्रमानं शिकवावीच लागते, ऱ्हस्व-दीर्घही. तिनं आपणहून कागद मागितला तर जरूर द्या, फक्त ओळी आखून देऊ नका. आणि हाक मारली तरी वळत नसेल, सारखे आवाज ओळखता येत नसतील, तर आधी कान तपासून घ्या.

शाळेत जाऊन विचारायचंच असेल, तर "लिहून का घेत नाही" असं विचारू नका. रोज वाचून दाखवता का, ते विचारा. नाही म्हणाले तर तुमची तक्रार रास्त आहे, तिथे भांडाच.