रोझरी बसमध्ये पण होते की
अगं, नुकताच बाप्तिस्मा झाला आणि रोज रोझरी जमत नाही म्हणतेस, पण बाप्तिस्मा झाला की पहिल्याच आठवड्यात सगळं जमायला पाहिजे असं कोण सांगितलं तुला? मी खानापूर-बेळगाव बसमध्येच रोझरी, म्हणजे माळेवरची मारियेची प्रार्थना, करते, माळ बाहेर काढायला संकोच वाटला तर दहा बोटं आहेत की, एका बोटाला एक ‘नमो मारिया’ प्रार्थना, दहा झाल्या की एक दशक, अशी पाच दशकं वीसेक मिनिटांत होतात, पिरनवाडी यायच्या आत. प्रत्येक दशकाला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्यालाच रहस्य म्हणतात; त्यातली गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये आणली, आमच्या आजीला ती शेवटपर्यंत पटली नाहीत!

कन्फेशन, म्हणजे फादरांपुढं पापं कबूल करणं, मात्र टाळू नको. मी आठ महिने टाळलं, जावेशी अबोला होता ना, सांगायचं कसं... शेवटी गेले तर फादर म्हणाले, आधी तिच्याकडं चहा पिऊन ये. गेले. अगोड होता, तरी प्याले.