हार्बरमधला यू ठेवू की काढू?

प्रश्न : मी टाइप करून खेळायचा एक इंग्लिश गेम लिहितेय, इन्फॉर्म नावाच्या असे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे. गोष्ट १४ एप्रिल १९४४ ची, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला त्या दिवसाची. शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकले पण कॉम्प्युटर सारख्या लाल रेघा मारतो, त्यामुळे हार्बरला कुठे यू आहे कुठे नाही, ग्रे कुठे ई ने तर कुठे ए ने, नुसता गोंधळ झालाय. खेळणारे बरेचसे अमेरिकेतले असतील. कुठलं एक धरू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रिटिशच धरा, आणि आधी स्पेलचेकची भाषा बदला म्हणजे लाल रेघा थांबतील. १९४४ ची मुंबई, गोऱ्या साहेबाच्या टेबलावरचं पत्र, त्यात यू नसलेला हार्बर आला की ते पत्र खोटं वाटायला लागतं, आपल्या हार्बर लाइनच्या नावात तर तो यू आजही आहे. वेब्स्टरच्या १८२८ च्या डिक्शनरीपासून अमेरिकेत बिन-यूचं रुळलं हे खरं, पण तिकडच्या माणसाला यू असलेलं वाचताना काही अडत नाही हो.

अडतं ते टाइप करताना. समजा खुंटीवर ग्रे कोट आहे, त्याच्या खिशात किल्ली आहे, गेममधे ग्रे ई ने आहे आणि तिकडचा माणूस हात जातो तसं ए ने टाइप करतो, गेम म्हणतो असं काही इथे दिसत नाही. समोर कोट आणि दिसत नाही! तो वैतागून गेम बंदच करेल. म्हणून गेमने बोलायचं एकाच स्पेलिंगमधे पण ऐकून घ्यायची दोन्ही, इन्फॉर्ममधे त्याला एक ओळ पुरते. आणि तिथे अमेरिकन डायलेक्टचा जो पर्याय आहे तो लावू नका, १०६ आकडा अक्षरात छापताना मधला अँड गाळतो.

स्पेलिंगपेक्षा मला शब्दांची जास्त काळजी वाटते. टॉर्च म्हटलं की आपल्याला बॅटरी दिसते, अमेरिकनाला पेटती मशाल, आणि स्फोटकांनी भरलेल्या जहाजावर तुम्ही त्याच्या हातात टॉर्च दिलीत तर तो काय समजेल बघा! तिथे इलेक्ट्रिक टॉर्च लिहा, आणि फ्लॅशलाइट टाइप केलं तरी चालू द्या. तसंच फर्स्ट फ्लोअर, आपल्याकडे तो जिना चढून आणि त्यांच्याकडे रस्त्यालगतचा, इथे तर अख्खा नकाशाच चुकतो, म्हणून जिना चढल्याचं वाक्य घालाच.

रिअलाइझ झेडने लिहिलं म्हणून ते अमेरिकन होत नाही, ऑक्सफर्डवाले तसंच लिहितात, फक्त एस नाहीतर झेड काय ते एकदा ठरवा.

आणि गेम वेबपेजवर टाकणार असाल तर कलरचं स्पेलिंग सगळीकडे एकदम बदलू नका, पेजच्या कोडमधला कलर बिन-यूचाच लागतो, यू घातलात की ब्राउझर ती ओळ सरळ सोडून देतो आणि रंग गायब.