ओढताना तापणारा धातू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या चाचणी प्रयोगशाळेत ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या एकाच कॉइलमधून कापलेले नमुने दोन पाळ्यांमध्ये यंत्रावर तुटेपर्यंत ओढून तपासले गेले. पहिल्या पाळीत चाचणी सावकाश झाली, दुसऱ्या पाळीत वेळ वाचवण्यासाठी वेग वाढवला होता. दुसऱ्या नमुन्याचे इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबीत झालेली वाढ) बरेच कमी आले आणि तुटल्यावर तो हाताला गरम लागला. आमचे यंत्र बिघडले आहे, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. परंतु कॅलिब्रेशन नुकतेच झाले आहे. काय समजावे?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : नमुना हाताला गरम लागला, ही आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची नोंद आहे. यंत्रावर संशय घेण्याआधी तिचाच विचार करावा, कारण दोन्ही आकडे खरे असण्याची शक्यता मोठी आहे.

धातू कायमचा ताणला जातो तेव्हा त्यावर खर्च झालेल्या ऊर्जेचा अगदी थोडा भाग स्फटिकांतल्या दोषांच्या रूपाने आत साठून राहतो आणि उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. जी. आय. टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये हे प्रमाण मोजून प्रसिद्ध केले. सर्वसाधारण हिशेबासाठी नऊ-दशांश ऊर्जा उष्णतेत जाते असे आजही धरले जाते. आपल्या नमुन्यापुरते गणित करून पाहू. ३०४ स्टील पन्नास टक्के लांबेपर्यंत ओढले, तर त्याच्या प्रत्येक घन सेंटिमीटरवर अंदाजे २७० ज्यूल काम होते. त्यातले सुमारे २४० ज्यूल उष्णतेत गेले आणि एवढ्या स्टीलचे तापमान एक अंशाने वाढवण्यास साधारण ४ ज्यूल लागतात असे धरले, तर उष्णता बाहेर न गेल्यास नमुना जवळजवळ ६० अंशांनी तापतो. म्हणजे प्रयोगशाळेत २५ अंश सेल्सिअस असताना चाचणीच्या शेवटी नमुना ८० अंशांच्या आसपास असू शकतो, आणि मान पडते, म्हणजे तुटण्याआधी नमुना जिथे बारीक होतो, त्या जागी त्याहूनही अधिक.

आता वेगाकडे वळू. ओढचाचणीच्या मानकात, म्हणजे आयएस १६०८ च्या पहिल्या भागात, यील्ड (धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण) मोजण्यासाठी दर सेकंदाला ०.०००२५ आणि त्यापुढच्या टप्प्यासाठी ०.००६७ असे विकृतीचे, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या वाढीचे, दर सापडतात. पहिल्या दराने पन्नास टक्के लांबण गाठायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, तर दुसऱ्या दराने सव्वा मिनिट पुरते. अर्ध्या तासात उष्णता यंत्राच्या जबड्यांतून आणि हवेतून निघून जाते. सव्वा मिनिटात तिला तेवढी सवड मिळत नाही, त्यातच स्टेनलेस स्टील साध्या स्टीलच्या मानाने उष्णतेचे बरेच मंद वाहक आहे. त्यामुळे कागदावर दोन्ही चाचण्या ‘खोलीच्या तापमानाला’ झाल्या असल्या, तरी त्यातली एकच खऱ्या अर्थाने त्या तापमानाला झाली.

साध्या स्टीलमध्ये एवढ्या तापण्याने फारसा फरक पडला नसता. ३०४ ची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यातली ऑस्टेनाइट ही स्फटिकरचना ताणाखाली अंशतः मार्टेन्साइट या अधिक कठीण रचनेत बदलते, आणि हे रूपांतर जिथे नमुना बारीक होऊ लागतो त्या जागी घडून तिला कठीण करते; साहजिकच ताण शेजारच्या भागाकडे सरकतो, मान पडणे लांबते आणि नमुना एकसारखा लांबत राहतो. हे रूपांतर थंड धातूत जोमाने होते, तापलेल्या धातूत मंदावते. जलद चाचणीने नमुन्याला तापवले, रूपांतर अडवले आणि मान लवकर पडली. अशा वेळी यील्ड किंचित वाढलेले आणि इलाँगेशन घटलेले दिसते. आपल्या दोन आलेखांत सुरुवातीला जलद चाचणीची रेषा वर असेल आणि पुढे दोन्ही रेषा एकमेकींना छेदत असतील, तर ही साखळी जवळजवळ निश्चित समजावी.

पडताळणी कठीण नाही. तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवले असतील तर त्यांच्या ताणलेल्या भागावर लोहचुंबक फिरवून पाहावे. मार्टेन्साइट चुंबकाला ओढले जाते, ऑस्टेनाइट नाही. सावकाश ओढलेला तुकडा अधिक जोराने चिकटला पाहिजे. पुढच्या चाचणीत नमुन्याच्या मध्यावर थर्मोकपल (धातूला टेकवून तापमान मोजणारी तारांची जोडी) लावावे. दुरून तापमान दाखवणारे उपकरण चकचकीत स्टीलवर खोटे वाचन देते, म्हणून ते वापरायचे असल्यास त्या जागी आधी काळ्या मॅट रंगाचा पातळ थर द्यावा. पुरवठादाराला पाठवायच्या अहवालात वेग नोंदवलेला नसेल, तर इलाँगेशनच्या त्या आकड्यावर वाद घालण्यात दोघांचाही वेळ जाईल. दोघांनी एकच वेग लेखी ठरवून चाचणी पुन्हा करावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : हॉट वर्किंगसाठी धातू लाल होईपर्यंत तापवावा लागतो, असे आम्हाला शिकवले गेले. मग शिसे सामान्य तापमानाला ठोकले तरी ते कठीण का होत नाही?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : धातूचा रंग हा निकष नाही. विकृतीमुळे विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, निर्दोष स्फटिक ज्या तापमानाला तयार होऊ लागतात, त्याच्या वर केलेले काम हॉट वर्किंग आणि खाली केलेले कोल्ड वर्किंग. ही मर्यादा ढोबळमानाने वितळणबिंदूच्या तीन-दशांश ते निम्म्यापर्यंत असते, मात्र दोन्ही तापमाने केल्विनमध्ये घ्यावी लागतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ६०० केल्विनला वितळते. आपल्या खोलीचे तापमान ३०० केल्विन आहे. तेव्हा शिशाच्या दृष्टीने ठाण्याची हवा हीच भट्टी झाली; ठोकताना विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे तयार होत राहतात, म्हणून ते कठीण होत नाही. उलट टंगस्टन ३४०० अंशांच्याही वर वितळत असल्याने १००० अंशांना लालभडक दिसत असतानाही त्याच्यावर होणारे काम कोल्ड वर्किंगच्या बाजूला पडते. शुद्धता, आधीच्या विकृतीचे प्रमाण आणि तापवण्याचा अवधी यांनुसार ही मर्यादा सरकते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या बांधकामावर येणाऱ्या टीएमटी सळ्यांच्या रिबेंड चाचणीत सळी वाकवून उकळत्या पाण्यात ठेवतात. स्टीलला १०० अंशांनी काय होणार? आणि जाड सळ्या वाकवण्यासाठी कामगार गॅसची ज्योत लावतात, ते चालेल का?
— साइट सुपरवायझर, उलवे, नवी मुंबई

उत्तर : सळ्यांच्या आयएस १७८६ या मानकातील या चाचणीत सळी दोन भुजांमधला कोन १३५ अंश होईल इतकी वाकवतात, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून थंड होऊ देतात आणि मग कोन एकशे साडेसत्तावन्न अंश होईपर्यंत उलटी उघडतात. पाण्यातला अर्धा तास हा या चाचणीचा गाभा आहे. स्टीलमध्ये विरघळलेले नायट्रोजन आणि कार्बनचे अणू फार लहान असतात. सळी वाकवताना जे नवे दोष निर्माण होतात त्यांच्याकडे हे अणू हळूहळू सरकतात आणि त्यांना जागीच जखडून टाकतात. सळी त्यामुळे अधिक कठीण आणि ठिसूळ होते. साध्या हवामानात ज्याला आठवडे लागले असते, ते काम उकळते पाणी अर्ध्या तासात उरकते. कॉलमच्या बाहेर आलेल्या सळ्या अडचण होते म्हणून आज बाजूला वाकवायच्या आणि पावसाळ्यानंतर सरळ करायच्या, हा प्रकार साइटवर सर्रास चालतो. चाचणी नेमकी त्याच परिस्थितीची परीक्षा घेते, म्हणून तिच्यात तडा गेलेली खेप कोणत्याही दडपणाखाली स्वीकारू नये.

गॅसच्या ज्योतीबद्दल उत्तर ‘नाही’ असेच आहे. टीएमटी सळीची ताकद तिच्या बाहेरच्या कड्यात असते. कारखान्यात पाण्याच्या झोताने पृष्ठभाग एकदम थंड करून तिथे मार्टेन्साइट बनवतात आणि आतल्या गाभ्याच्या उष्णतेने त्याला चिवटपणा आणतात. ज्योतीखाली सळी लाल झाली की हे कडे मऊ पडते आणि एफई ५०० (५०० मेगापास्कल यील्डची प्रत) म्हणून विकत घेतलेली सळी त्या वळणावर एफई ५०० राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. लाल न करता थोडेच तापवावे, हा सल्लाही घातक आहे. साधारण २०० ते ३५० अंशांच्या टप्प्यात साधे स्टील अधिक ठिसूळ वागते आणि वाकवण्यासाठी ती सर्वांत वाईट वेळ असते. जाड सळीसाठी योग्य व्यासाचा मँड्रेल (ज्याभोवती सळी वळते तो गोल दांडा) असलेले बेंडिंग यंत्र आणावे आणि सळी थंडच, एकाच संथ गतीने वाकवावी.

प्रश्न : आम्ही पितळेच्या पत्र्यापासून खोल वाट्यांसारखे भाग प्रेसवर काढतो. तपासणीत उत्तम ठरलेला माल पावसाळ्यात गोदामात पडून राहिला की काही भागांना काठापासून उभे तडे जातात. पत्रा खराब असावा का?
— लघुउद्योजक, रबाळे

उत्तर : पत्रा दोषी असेलच असे नाही. खोल ओढताना काठाजवळच्या धातूत मोठा ताण कोंडून राहतो, आणि जस्ताचे प्रमाण पंधरा टक्क्यांहून अधिक असलेले पितळ अशा अवस्थेत ओलावा व अमोनिया यांच्या संगतीत महिनोन्‌महिने सावकाश चिरत जाते. ब्रिटिश लष्कराच्या भारतातील काडतुसांच्या पितळी नळ्यांना पावसाळ्यात असेच तडे जात. तबेल्यांतून येणारा अमोनिया आणि नळ्यांत कोंडलेला ताण ही कारणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत उलगडली. आपल्या गोदामाजवळ अमोनियावर चालणारे शीतगृह, शौचालय किंवा अमोनियायुक्त सफाईद्रव्यांचा साठा आहे का, हे आधी पाहावे.

उपाय उष्णतेचाच आहे, पण मोजून दिलेल्या उष्णतेचा. शेवटच्या ओढीनंतर भाग सुमारे २५० ते ३०० अंशांना तासभर ठेवले, तर कोंडलेला ताण बराचसा सुटतो आणि कोल्ड वर्किंगने मिळालेली कठीणता जवळजवळ तशीच राहते. तापमान त्याहून बरेच पुढे गेले तर नवे स्फटिक तयार होऊन भाग मऊ पडतील, म्हणून भट्टीच्या तापमापकावर विसंबून न राहता मालाच्या ढिगाच्या मध्यभागी थर्मोकपल ठेवावे. प्रत्येक खेपेतले काही भाग प्रयोगशाळेकडून अमोनियाच्या वाफेत तपासून घ्यावेत. ज्यांतला ताण सुटलेला नाही ते भाग तिथेच चिरतात, ग्राहकाकडे पोहोचत नाहीत.